पायपेटी

अमरावतीहून अंजनगावमार्गे अकोटला येणाऱ्या एसटीत केशरबाई एक लोखंडी डबडं मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिथंच त्या डबड्याचं बारसं झालं.

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता वाकून पाहिलं. वर धरायला मूठ, खाली पायानं दाबायची पट्टी, मधे काळा रबरी भाता.

"हे काय घेऊन चालली वं बाई?"

"पायपेटी हाये," केशरबाई म्हणाली. "माहा नवरा गाणं शिकून राहिला."

अख्खी एसटी हसली. खिडकीशी बसलेल्या देवमनचे खांदेही गदगदले, पण त्याच्या हसण्याला आवाज नव्हता. गळ्याभोवतीच्या उपरण्यातून नुसता सूं-सूं वारा आला. महिन्याभरात माणूस पहिल्यांदा हसला, म्हणून मागच्या बाकावर बसलेली त्यांची पोरगी वच्छलाही पोट धरधरून हसली. घरी पोचेपर्यंत नाव पक्कं झालं होतं. पायपेटी म्हणजे पायपेटी.

देवमन अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, फिटर होता. कापसातली सरकी काढायचे रेचे बंद पडले की लोक आधी त्याला हाक मारायचे, मग मालकाला. त्याच्या घशात गाठ वाढली आणि श्वास कोंडायला लागला. गाठ साधी निघाली, पण ती काढताना अमरावतीच्या डॉक्टरांनी गळ्याला खालून भोक पाडलं आणि त्यात चांदीची वाकडी दुहेरी नळी बसवली, आतली काढून धुता येईल अशी. आता देवमनचा श्वास नाकातोंडातून नाही, त्या नळीतून चालायचा. बोलायचं तर भोकावर बोट ठेवायचं, मग आतून फाटका, घोगरा आवाज निघायचा. आणि दिवसातून पाच-सहा वेळा त्या नळीत कफ साचायचा. तो ओढून काढला नाही तर माणूस कोंडलाच.

दवाखान्यात त्यासाठी विजेचं यंत्र होतं. देवमनच्या घरी वीज कुठून येणार? म्हणून डॉक्टरांनी हे पायाचं दिलं. "कुठंही न्या, शेतात न्या, चालेल," म्हणाले. भात्याला जोडलेली काचेची बाटली, बाटलीच्या बुचातून निघालेली बारीक रबरी नळी. पाय मारत राहिलं की नळी ओढायला लागायची. नळी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढायची, बाबांच्या गळ्यात अलगद सरकवायची आणि दहा मोजेस्तोवर गोल फिरवत बाहेर घ्यायची. दहाच्या वर मोजायचं नाही, कारण तेवढा वेळ कफाबरोबर माणसाचा श्वासही आपणच ओढत असतो. हे सगळं दवाखान्याच्या व्हरांड्यात वच्छला शिकली. केशरबाईचे हात थरथरायचे. पोरीचे नाही थरथरले.

केशरबाई जिनात कापूस निवडायला बसायची, सकाळपासून सहापर्यंत. म्हणून मधल्या सुट्टीतली आणि शाळा सुटल्यावरची पायपेटी वच्छलाची. बाबांना हाक मारता येत नव्हती, तर त्यांनी एक खूण काढली होती. त्यांच्या बोटात जिनातल्या लेथवर स्वतःच कातलेली पितळी अंगठी होती. खाटेशेजारच्या पाण्याच्या गडव्यावर त्या अंगठीनं एकदा टिचकी मारली की पाणी, दोनदा मारली की पायपेटी. टण्-टण्! की वच्छला पुस्तक टाकून धावलीच.

धावायची, हे खरं. पण दार लोटून घेऊन धावायची.

कारण शेजारचं एक बारकं पोर एकदा आत डोकावलं होतं आणि गल्लीभर बोंबलत गेलं होतं, "देवमनबाच्या गळ्यातून शिट्टी वाजते!" त्या दिवसापासून वच्छलानं शाळेत बाबांचं नावच काढलं नव्हतं. कोणी विचारलं की, "बरे हायेत," एवढंच.

आणि शाळेत तर आता तिचा काय थाट होता! सन चौसष्टच्या त्या हिवाळ्यात ती अकोल्याला वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली होती. दुसरी! अख्ख्या जिल्ह्यातून! त्याआधी ती शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायची. त्यानंतर ती पहिल्या बाकावर आली आणि तिच्या तोंडाला काही आवरच राहिला नाही. बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आत हिचा हात वर. चालताना वेण्या उडायच्या, हसली की खालच्या वर्गापर्यंत ऐकू जायची.

अशात एकदा शाळा भरायच्या आधी जमुना सांगत बसली. जमुना म्हणजे बागाईतदार किसनरावांची पोरगी, वच्छलाची जिवाची मैत्रीण, पण तिच्या घरचा नवा रेडिओ ऐकून ऐकून वच्छलाचे कान किटले होते.

"असा बटन फिरवला, की बाई गायला लागते."

"त्यात काय," वच्छला म्हणाली. "आमच्या घरी पायपेटी हाये."

म्हणून गेली. खोटं थोडीच होतं? घरात तोच शब्द होता.

"पायपेटी?" जमुनाचे डोळे मोठे झाले. "पायानं वाजवाची? नाटकवाल्याइची असते तशी?"

इथं वच्छलाला हसून सांगता आलं असतं. एसटीतला कंडक्टर, मायचं उत्तर, सगळी गंमत. पण मग गळा सांगावा लागला असता, भोक सांगावं लागलं असतं.

"हो तं," ती म्हणाली. "मीच वाजवतो रोज. दुपारी."

झालं! दोन दिवसांत वर्गभर, चार दिवसांत शाळाभर. आणि पाचव्या दिवशी इंदूबाईंपर्यंत.

इंदूबाई अमरावतीच्या. मराठी शिकवायच्या आणि स्नेहसंमेलनातली गाणी बसवायच्या. वच्छलाला अकोल्याला त्यांनीच नेलं होतं, येताना गाडीत आपल्या डब्यातली अर्धी पोळीही दिली होती. त्यांनी वर्गाबाहेर तिला थांबवलं.

"अगं, आपल्या शाळेच्या पेटीच्या तीन पट्ट्या बोलतच नाहीत. आणि तुझ्या घरी चक्क पायपेटी! सांगितलं नाहीस कधी?"

वच्छला घाईघाईनं म्हणाली, "बाई, तिचा... तिचा भाता फाटला हाये."

"मग तर मी येतेच. माझ्या माहेरी होती पायपेटी. भाते चिकटवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. शनिवारी चार वाजता येऊ? जमुनाला घेऊन येते, ती घर दाखवेल."

"हो बाई," वच्छला म्हणाली.

शनिवारी सकाळची शाळा करून ती घरी आली ती सारखी झाडतच होती. ओसरी झाडली, अंगण झाडलं, झाडलेलं परत झाडलं. मग बाबांच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, आज शाळेतल्या बाई येऊन राहिल्या. चार वाजता."

देवमनचा चेहरा उजळला. त्यानं भोकावर बोट ठेवलं. "इंदूबाई? तुले अकोल्याले नेणाऱ्या?"

"हो."

"माही टोपी दे वं. धुतलेली."

वच्छला टोपी आणायला हलली नाही. खालच्या सारवलेल्या जमिनीकडे पाहत म्हणाली, "बाबा, तुमी मांगच्या पडवीत बसता का? तिथं... तिथं हवा चांगली हाये."

हिवाळ्याचे दिवस. मागच्या पडवीत एक जुनी खाट, जळणासाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग, शेण्या, आणि उत्तरेचा वारा. देवमननं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. जिनात एखाद्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा की कुठला दात झिजला आहे. त्याला पोरीचं एक वाक्य पुरलं. त्यानं उपरणं उचललं, उशी बगलेत घेतली आणि स्वतःच उठून चालायला लागला. वच्छला मागून गडवा घेऊन गेली. पायपेटीही तिनं पडवीतच नेली, खाटेखाली ढकलली आणि वर जुनी वाकळ टाकली. ढकलताना आत काहीतरी खट्ट झालं, पण पाहायला वेळ नव्हता. बाहेरून जमुनाची हाक आलीच.

"वच्छे! आलो वं आमी!"

पडवीच्या चौकटीला दार नव्हतं, मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. वच्छलानं तो ओढून घेतला.

इंदूबाई आल्या, सतरंजीवर ऐसपैस बसल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे आणि शेजारी टांगलेल्या अकोल्याच्या प्रमाणपत्राकडे कौतुकानं पाहिलं. वच्छलानं चहा केला. आणि मग जमुनानं विचारलंच.

"कुठी हाये पायपेटी?"

"मामानं नेली," वच्छला म्हणाली. उत्तर तिनं रात्रीच घोकून ठेवलं होतं. "हिवरखेडले. त्यांच्या गावात कार्यक्रम होता."

"फाटक्या भात्याची?" जमुना म्हणाली.

"तिथं दुरुस्त करणारा हाये एक."

इंदूबाई हिरमुसल्या, पण क्षणभरच. "जाऊ दे. आणि वडील कुठे गं? त्यांना भेटायचं होतं. त्यांच्या लेकीबद्दल चार चांगले शब्द सांगायचे होते."

"कामाले गेले."

हे खोटं आधीच्यांपेक्षा सोपं गेलं.

"बरं, मग अमरावतीच्या स्पर्धेचं भाषण तरी ऐकव. श्रमप्रतिष्ठा. कुठवर आलंय?"

भाषण! वच्छलाला एकदम मोकळं वाटलं. भाषण म्हटलं की तिचं घर, तिची गल्ली, सगळं मागे पडायचं. ती उभी राहिली, वेणी मागे टाकली. "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजन आणि माझ्या बंधुभगिनींनो!"

पहिला परिच्छेद झाला आणि पडद्यामागून आवाज आला. घर्रर्र. हुक्क्याच्या पाण्यातून यावा तसा. वच्छलाला तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. नळी भरली होती. आता टण्-टण् होईल, तिला वाटलं. टण्-टण् झालं तर काय सांगायचं?

टण्-टण् झालं नाही. तिनं आवाज चढवला.

"ज्या हातांना वंगणाचे डाग आहेत, ते हात आमचे भूषण आहेत!"

घर्रर्र. घर्र.

"कायचा आवाज येऊन राहिला वं?" जमुनानं मान वळवली.

"मांजर हाये," वच्छला म्हणाली.

आणि पुढे बोलायला लागली. "घाम गाळणाऱ्यांची लाज कसली? लाज वाटावी ती..."

तेवढ्यात मागचा आवाज थांबला.

नळी वाजते तोवर वारा आतबाहेर होतो आहे, हे डॉक्टरांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. घरघर झाली तर घाबरू नकोस पोरी, घरघर थांबली तर घाबर. वच्छलाला हे माहीत होतं. आणि तरीही तिनं ते वाक्य पुरं केलं. त्याच्या पुढचंही एक पुरं केलं. दोन वाक्यं. इंदूबाई मान डोलावत होत्या.

तिसरं वाक्य अर्ध्यावर टाकून ती मागे धावली. पडदा तिनं बाजूला सारला नाही, ओरबाडून काढला.

देवमन खाटेवर वाकून बसला होता. उपरण्याची घडी करून ती त्यानं गळ्याच्या भोकाशी दोन्ही हातांनी धरली होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ओठ जांभळे झाले होते, डोळे मोठे. वच्छलानं उपरणं हिसकलं, गळ्यातली आतली नळी काढली. ती कफानं बुजलेली होती, पण कफ त्याच्याही खाली होता, आणि देवमनला खोकायलाही वारा उरला नव्हता. तिनं वाकळ फेकली, पायपेटी बाहेर ओढली. रबरी नळी घातली, पाय मारला. काही नाही. परत मारला. नळी ओढतच नव्हती. मघाशी ढकलताना बाटलीचं बूच निघालं होतं! तिनं ते डाव्या हातानं गच्च दाबून धरलं, उजव्या हातात नळी, आणि आता पाय पट्टीपर्यंत पोचेना.

"बाई!" ती ओरडली. व्यासपीठावर कधी ओरडली नव्हती एवढ्यानं. "बाई, पाय मारा! पाय मारा!"

इंदूबाईंनी काही विचारलं नाही. पदर खोचला, पाय पट्टीवर ठेवला आणि मारायला लागल्या. एकसारखा, लयीत, ना घाई ना थांबणं, जन्मभर पायपेटी वाजवलेल्या बाईचा पाय. भाता फुसफुसला. नळी ओढायला लागली.

"एक, दोन, तीन," वच्छला मोजत होती. दहाला नळी बाहेर. कफ सैल व्हायला मिठाच्या पाण्याचे चार थेंब गळ्यात. परत आत. "एक, दोन..." सातव्याला बाटलीत भदकन काहीतरी पडलं, आणि देवमनच्या गळ्यातून वारा आत गेला, सुंईईई करत, लांबच लांब. मग तो खोकला. मग परत एक श्वास. जमुना दारात भिंतीला चिकटून उभी होती. तिच्याकडे वच्छलानं उकळलेल्या पाण्याचं भगुणं मागितलं, तिनं ते दिलं, आणि बाटलीकडे पाहायचं नाही म्हणून वच्छलाकडे पाहत राहिली. त्यापेक्षा तिनं बाटलीकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

देवमनचे ओठ हळूहळू ओठांसारखे दिसायला लागले. इंदूबाईंचा पाय थांबला. त्यांच्या पांढऱ्या पातळाच्या काठावर शिंतोडा उडाला होता. त्या वाकून पेटीकडे पाहत म्हणाल्या, "हीच का?"

वच्छला मान खाली घालून नळी पुसत राहिली.

देवमननं बोट उचलून भोकावर ठेवलं. "हेच, बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मधे श्वास घ्यायला बोट काढावं लागत होतं. "आमच्या घरी... हिले पायपेटीच म्हणतेत. पोट्टी... खोटं नाई बोलली."

त्यानं तिला चार शिव्या हासडल्या असत्या तर वच्छलानं त्या पदरात घेतल्या असत्या. पण तो तिची बाजू घेत होता! तिला पडवीतल्या पऱ्हाट्यांत तोंड खुपसावंसं वाटलं.

इंदूबाईंनी हात धुतले, आत आल्या आणि थंड झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मग परत पडवीच्या दाराशी जाऊन देवमनला म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. हे सांगायलाच आले होते." नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. निघताना वच्छलाच्या डोक्यावर हात ठेवला नाही, रागही केला नाही. "सोमवारी भाषण पाठ करून ये," एवढंच. जमुनानं चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि तशीच चालायला लागली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळून पाहिलं, हात हलवावा की नाही हे तिला ठरवता आलं नसावं. वच्छलालाही नाही.

ती आत आली. बाबांना ओसरीवर आणायचं होतं. उशी उचलली, गडवा उचलायला गेली, तर गडवा खाटेपाशी नव्हता. पार भिंतीशी सरकवलेला होता, हात पोचणार नाही इतका लांब. तिनं बाबांच्या हाताकडे पाहिलं. बोटात अंगठी नव्हती. अंगठीच्या जागी नुसता पांढरा वळ. इकडेतिकडे शोधल्यावर ती वरच्या कोनाड्यात सापडली, रॉकेलच्या चिमणीच्या मागे. सवयीनं हात जाऊ नये म्हणून काढून ठेवलेली.

"बाबा," ती म्हणाली, "टिचकी कावून नाई मारली?"

देवमननं बोट ठेवलं. "पाहुणे होते," तो म्हणाला, आणि बोट काढलं.

वच्छलानं त्यांना ओसरीवर आणलं. खाट अगदी समोर मांडली, रस्त्यावरून दिसेल अशी. पायपेटी उघड्यावर ठेवली, बूच दोऱ्यानं बांधलं, नळी उकळली, धुतलेली टोपी आणून दिली. आता? आता आणून काय उपयोग होता? देवमननं ती मुकाट्यानं डोक्यावर घातली. तिनं दिलेली अंगठी मात्र त्यानं हातातच धरून ठेवली. तिनं दोनदा म्हटलं, "घाला ना बाबा," तरी नाही. शेवटी तिनं त्यांचं बोट धरून ती चढवली, तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी अंगठीवर पडलं आणि अंगठी चटकन सरकली.

दिवस कलला. केशरबाई आली, डोक्यावरचा कापूस झटकत आली. "आल्या होत्या का वं बाई? चहा देल्ला का?"

वच्छला देवमनकडे पाहायला लागली. सांगा, तिला वाटत होतं, सांगून टाका. मी तुमाले पडवीत घातलं, ते सांगा.

"आल्या होत्या," देवमन बोट ठेवून म्हणाला. "पायपेटी वाजवली. मस्त वाजवते बाई."

"हौ का!" केशरबाई हसत चुलीकडे गेली. तिला वाटलं, नवऱ्याची थट्टा.

वच्छला खाटेच्या पायथ्याशी बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. तेवढ्यात गडव्यावर टण् झालं. एकदाच. पाणी. ती झटकन उठली, पेल्यात पाणी ओतलं, पुढे केलं. देवमननं पेला घेतला नाही. तिच्याकडे पाहत त्यानं भोकावर बोट ठेवलं, डोळे बारीक केले आणि घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाला,

"म्यांव."

पेला वच्छलाच्या हातात तसाच राहिला. देवमनचे खांदे गदगदा हलत होते, एसटीत हलले होते तसे, आणि गळ्यातून सूं-सूं वारा येत होता.

"मांजर शिरलं का वं घरात?" चुलीपासून केशरबाई ओरडली. "दूध झाक बाप्पा, वच्छे!"

वच्छलानं पेला खाली ठेवला आणि आत जाऊन दूध झाकलं.